‘डोळे फुटले का?’ असं विचारणाऱ्यांसाठी जाहीरनामा

पेला भरताना अर्धं पाणी ओट्यावर. झेल सुटून चेंडू थेट नाकावर. फळ्यावरचं उतरवून घेताना मधल्या दोन ओळी गायब. असं मूल घरात वेंधळं ठरतं, वर्गात धांदरट, आणि मैदानावर कुणालाच नको असलेला गडी. शाळकरी वयातल्या शंभरांतल्या पाच-सहा मुलांना विकासात्मक समन्वय विकार, म्हणजे डीसीडी असतो. हातपाय धडधाकट असतात. हालचाल आखणं आणि जुळवून आणणं जड जातं.

आमची मागणी साधी आहे. या मुलांचे डोळे नीट तपासा.

‘तपासले की, ६/६ आहे!’ हे उत्तर आम्हाला पाठ झालंय. सहा मीटरवरचा तक्ता लांबची अक्षरं ओळखता येतात का एवढंच सांगतो. दूरदृष्टिदोष असलेलं मूलही डोळ्यांना ताण देऊन तो वाचून दाखवतं. नजर फळ्यावरून वहीवर आली की अक्षरं लगेच स्पष्ट होतात का, दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळतात का, पायरीची खोली कळते का, हे तक्त्याला कुठून कळणार? इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासात तीव्र डीसीडी असलेल्यांत असे दोष जास्त आढळले.

पेन्सिलीचं टोक मुलाच्या नाकाकडे हळूहळू न्या. वीतभर अंतरावरच त्याला दोन टोकं दिसू लागली किंवा एक डोळा बाहेर सरकला, तर नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचं. याला कसलं यंत्र लागतं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं शाळेत येतातच. तक्त्याच्या जोडीला त्यांनी जवळची नजरही तपासावी, आणि शंका आलेल्या मुलांचा नंबर नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून काढावा. दृष्टिदोष हेच अडचणीचं कारण नाही ना, हे पाहणं डीसीडीच्या निदानाच्या निकषांतच आहे. म्हणजे आम्ही जगावेगळं काही मागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली डिस्प्रॅक्सियाचं, म्हणजे याच अडचणीचं, नाव आहे. तेव्हा पुढचा बाक, ठळक ओळींची वही आणि फळ्याऐवजी छापील कागद देताना शाळांनी उपकाराची भाषा करू नये.

चष्म्याने डीसीडी जात नाही, हेही आम्ही पालकांना स्पष्ट सांगणार. ऑक्युपेशनल थेरपी चालूच ठेवायची. डोळ्यांच्या व्यायामाने सगळं बरं करतो म्हणून पॅकेज विकणाऱ्यांना आमच्या व्यासपीठावर जागा नाही. त्यांची देणगीसुद्धा नको.

जूनमध्ये शाळा उघडल्या की प्रत्येक सभासदाने मुख्याध्यापकांना भेटून विचारायचं: आपल्याकडे मुलांची जवळची नजर कोण तपासतं? उत्तर लेखी घ्यायचं.