आजोबांची दुनळी आणि आमची हौस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही चिडून. घरची माणसंही इथे डोकावतात हे मला ठाऊक आहे. दादा, वाचून झाल्यावर फोन करायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाच, एवढीच विनंती.

तर आमच्या तळेगावात (ढमढेरे! दाभाडे नव्हे, हे पुण्यात अजूनही दर वेळी सांगावं लागतं) गेल्या दिवाळीपासून आमच्या ओट्यावर एकच विषय आहे. बंदूक कुठली घ्यायची? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याने माणसं मारली, त्यात लहान मुलं होती. शेवटी वनखात्याच्या नेमबाजांनी त्या बिबट्याला गोळी घातली. तेव्हापासून ज्याच्या घरामागे ऊस आहे, त्याला रात्री झोप नाही. ही भीती खरी आहे. तिची चेष्टा करणारा माणूस पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारा असतो, म्हणजे माझ्यासारखा. म्हणून मी चेष्टा करत नाहीये.

माझं भांडण भीतीशी नाही, निवडीशी आहे.

आमच्या घरात आजोबांची एक विलायती दुनळी होती. बारा बोअरची. आजोबांनंतर ती अण्णांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या परवान्यावर आली. अण्णा गेल्यावर कायद्याप्रमाणे ती पुण्यात परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली. आता पुतण्याला परवाना मिळाला की तीच आणायची, असा दादाचा आग्रह. कारणं तीन. एक, दिसते रुबाबदार. दोन, जुनी आहे, जुनं ते सोनं. तीन, खंडेनवमीला तिची पूजा होत आली आहे.

या तिन्हीत बंदूक वापरणाऱ्या माणसाचा कुठे उल्लेख आहे का? नाही!

आजोबा सहा फुटी, हात लांब. अण्णा जेमतेम सव्वापाच फूट. दस्ता आजोबांच्या मापाचा. १९९४ साली एक पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं. अण्णांनी बंदूक उचलली, तर दस्त्याची टाच बंडीत, काखेजवळ अडकली. घाईघाईत कशीबशी खांद्याला लागली, पण गाल दस्त्यावर टेकलाच नाही, मान वरच राहिली. मान वर राहिली की बार वर जातो. पंधरा पावलांवरून छर्रे कुत्र्याच्या डोक्यावरून गेले आणि मागे बांधलेल्या कालवडीला बसले. कालवड गेली. कुत्रं पळालं. अण्णा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. घरात मात्र ठरलं की अण्णांचा नेम वाईट. तीस वर्षं हेच ऐकत ते म्हातारे झाले. अण्णांचा नेम वाईट नव्हता हो. बंदूक त्यांची नव्हती.

दुनळी बंदुकीला रायफलसारखी मागची दर्शिका नसते. मागची दर्शिका म्हणजे तुमचा डोळाच. म्हणून दस्त्याची लांबी, गालाखालचा उतार आणि डावी-उजवीकडचा किंचित बाक हे जमलं नाही, तर बाकी सगळं फुकट. परीक्षा सोपी आहे. दुकानात, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेकडे बघा. डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा. डोळे उघडा. नळीवरची माशी त्या खुणेवर असेल तर ती तुमची. नसेल तर दस्ता सुताराकडून... नाही, जाणत्या कारागिराकडून बसवून घ्या, नाहीतर सोडून द्या. आपण चप्पल घालून बघितल्याशिवाय घेत नाही आणि बंदूक फोटो बघून घेतो!

आता वयाचं बघू. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं. त्यामुळे आपल्याकडच्या विलायती बंदुका बहुतेक त्याआधीच्या, आणि दुर्मिळ म्हणून महाग. किंमत वाढली म्हणजे नळी तरुण झाली का? आमच्या दुनळीच्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी आहे. पुतण्याला वाटलं कोरीवकाम आहे. ते कोरीवकाम नव्हे, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकत्र ठोकून केलेल्या नळ्यांचा तो पीळ आहे. काळ्या दारूच्या जमान्यातलं काम. अशा काही नळ्या पुढे बिनधुराच्या दारूसाठीही तपासल्या गेल्या आणि त्यांच्यावर तसे शिक्के आहेत. आमच्यावर तो शिक्का नाही. शिवाय जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाची जागा बऱ्याचदा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिमीची असते. आजचं ७० मिमीचं काडतूस तिच्यात बसतं, हीच गंमत! उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. काडतूस बसलं म्हणजे चालतं, असं नाही.

म्हणजे जुनी बंदूक वाईट का? तसंही नाही. नळी दस्त्याच्या बाजूने हलते का, बंद केल्यावर फटीतून उजेड दिसतो का, नळीत खड्डे, पोचे आहेत का, शिक्के काय सांगतात, हे बघा. वय हा गुण नाही, दोषही नाही. ते विचारायच्या प्रश्नांची यादी आहे.

राहिलं रूप. रूप कुणासाठी? वरातीसाठी? हौसेने हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बिबट्या नक्षी बघत नाही, आणि पोलीस ठाण्यात निवडणुकीपूर्वी बंदूक जमा करताना तिथला हवालदारही नाही.

आणि दादा, बिबट्याबद्दल कुणी म्हणत नाही ते म्हणतो. अंधारात उसाच्या कडेला छर्ऱ्यांनी तो बहुधा मरणार नाही, जखमी होईल. जखमी बिबट्या त्याच उसात, तुझ्या अंगणापासून चाळीस पावलांवर. शिवाय जिवावर बेतल्याशिवाय त्याला मारायला कायद्याची परवानगी नाही. बंदिस्त, वरून जाळी घातलेला गोठा, अंगणात दिवा आणि संध्याकाळी मुलांसोबत मोठं माणूस, याला परवाना लागत नाही. आधी हे करू. त्यानंतरही बंदूक हवीच असेल, तर पुतण्याच्या खांद्याला बसणारी, ठीकठाक नळीची, साध्या दस्त्याची भारतीय बनावटीची घेऊ. दिसेना का कशीही.

आजोबांची दुनळी परत आणायला माझा विरोध आहे. येत्या रविवारी घरी येतोय, तोंडावर सांगेन. तिची आठवण जपायची तर एक वाक्य बदलूया. पुन्हा कुणी अण्णांच्या नेमाचा विषय काढला, तर कालवडीची खरी गोष्ट सांगायची. ते ऐकायला अण्णा आता नाहीत. पण काकू आहेत.

असो. चहाला थांबेन, भांडण झालं तरी.