केंद्रशाळेत एक ताई हवी

जून लागला की पोलादपूरच्या खोऱ्यांत वह्यावाटप सुरू होतं. मुंबईहून ग्रामस्थ मंडळाची माणसं शनिवारी रात्री निघतात आणि सकाळी गावात उतरतात. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं जातं, नारळ फुटतो, आणि मुलांच्या हातात डझनभर वह्या, कंपासपेटी, कुठे दप्तर तर कुठे छत्री पडते. गिरण्यांत, गोदीत, खानावळीत राबलेल्या पिढीने घालून दिलेली ही रीत आज त्यांची नातवंडं चालवतात. रायगडच्या या डोंगराळ कोपऱ्यात सरकारच्या आधी मुंबईचं मंडळ पोहोचलं, अशी कितीतरी गावं निघतील. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण त्याच रांगेत एखादी सातवीतली मुलगी उभी असते. वडील मुंबईत आजारी पडून गावी परतलेले असतात आणि आई लोकांच्या शेतावर लावणीला जात असते. त्या मुलीला सहा वह्या जास्त मिळाल्या म्हणून पुढच्या वर्षी ती आठवीत दिसेलच, असं नाही. आई-वडिलांपैकी एक गेलेला असेल किंवा गंभीर आजारी असेल, तर मुलासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३पासून तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली. लावणीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम मोठी आहे. मुलगी शाळेत राहणार की बहिणीची मुलं सांभाळायला वसई-विरारला जाणार, हे तेवढ्या पैशावर ठरू शकतं. मात्र ही योजना त्या पडवीपर्यंत येत नाही. तिचं जिल्हा कार्यालय अलिबागला, म्हणजे शेजारच्या महाडहून साधारण शंभर किलोमीटरवर. मंजुरी बाल कल्याण समितीची लागते. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, आजाराचा दाखला सरकारी रुग्णालयाचा, शिवाय आधारला जोडलेलं बँक खातं. एकेका कागदापायी त्या आईचा एकेक दिवस मोडतो, आणि लावणीच्या हंगामातला मोडलेला दिवस पुन्हा येत नाही.

शाळकरी मुलांसाठी आपल्याकडे योजना कमी आहेत, अशी माझी तक्रार नाही. पहिली ते आठवी पोषण आहार आहे, मोफत पाठ्यपुस्तकं आहेत, गणवेश आहे. पाचवीपासून मुलींना एसटीचा मोफत पास आहे. आठवीत परीक्षा देऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजारांची केंद्राची शिष्यवृत्ती आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे. माझी तक्रार अशी की यातली प्रत्येक योजना आपापल्या टेबलामागे बसून आहे. घर खचलेलं असताना कोणत्या टेबलापाशी जायचं, हे सांगायला आणि हात धरून तिथवर न्यायला माणूसच नेमलेला नाही.

महाड आणि पोलादपूरला ही उणीव इतरांपेक्षा जास्त जाचते, कारण इथे संकट दर काही वर्षांनी येतंच. जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळल्या. ऑगस्ट २०१६मध्ये सावित्री नदीवरचा जुना पूल रात्रीत वाहून गेला. ऑगस्ट २०२०मध्ये महाड शहरात तारिक गार्डन ही इमारत कोसळली. आणि २२ जुलै २०२१ला एकाच दिवशी सगळीकडून घाला पडला. महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे घरं गाडली गेली. खाली महाडच्या बाजारपेठेत सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने तळमजले बुडवले.

त्या दिवसाकडे शाळेच्या बाजूने पाहा. दहावीचा निकाल लागून जेमतेम सहा दिवस झाले होते. करोनामुळे लेखी परीक्षा न होताच लागलेला तो निकाल, आणि पुढे अकरावीचा प्रवेश. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला अशी कागदांची जमवाजमव चालू असतानाच घराघरांतली कपाटं चिखलात गेली. पुढे पंचनामे झाले आणि पाणी शिरलेल्या घरांना कपड्यांसाठी व भांड्यांसाठी मिळून दहा हजार रुपये जाहीर झाले. कपडे आणि भांडी यांचं नाव त्या मदतीत होतं, मुलांच्या दप्तराचं नव्हतं. भिजलेली पुस्तकं, वाहून गेलेला दाखला, बंद पडलेला मोबाइल, ज्यावर त्या वर्षी सगळी शाळा चालली होती, यांची दाद कुठल्या रकान्यात मागायची?

मदत मात्र भरपूर आली. राज्यभरातून टेम्पो आले. वह्यांचे गठ्ठे, दप्तरं, कपडे, बिस्किटं आली. देणाऱ्यांनी मनापासून दिलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत लांबला. खोऱ्यातल्या वाडीवरून हायस्कूलला जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर नवं दप्तर होतं, खिशात मोफत पास होता आणि रस्त्यावर गाडी नव्हती. वडाप जीपला रोज पैसे मोजायचे तर पुरात दुकानाची नोकरी गेलेल्या बापाने ते आणायचे कुठून? संकटाची पहिली लाट टीव्हीवर दिसते. मुलं शाळेतून सुटतात ती दुसऱ्या-तिसऱ्या लाटेत, चार-सहा महिन्यांनी, जेव्हा टेम्पो परत गेलेले असतात.

दरडीच्या गावांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही. तळियेच्या माणसांना पक्क्या घरांची वाट पाहत कंटेनरच्या घरांत पावसाळे काढावे लागले. रात्री पाऊस चढला की ज्या मुलाला झोप लागत नाही, त्याने ते कोणाला सांगायचं? सकाळी ते पेंगुळलेलं वर्गात येतं, मागे पडतं आणि हळूहळू ‘अभ्यासात कच्चं’ ठरतं. अशा मुलाशी बोलायला शिकलेलं माणूस तालुक्याच्या प्रत्येक शाळेत नेमता येणार नाही, हे मला समजतं. पण दहा-बारा शाळांत मिळून एकही नसावं?

सगळ्यात मोठी फट नववीला पडते. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतचं, म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंतचं. आठवीची परीक्षा झाली की पोषण आहार थांबतो, मोफत पुस्तकं आणि गणवेश थांबतो. त्याच वेळी वाडीतली शाळा संपते आणि हायस्कूल लांब पडतं. नेमकं त्याच वयात पोरगं हाताशी आलेलं असतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे, बाजारात दुकानावर, मुंबईत मामाच्या ओळखीने कुठेतरी काम मिळू शकतं. घरची सगळी गणितं ज्या वर्षी शाळेच्या विरोधात जातात, त्याच वर्षी सरकारही हात काढून घेतं. बारा हजारांची ती शिष्यवृत्ती इथे खरोखर उपयोगाची आहे. पण तिच्यासाठी आठवीतच अर्ज भरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा लागतो आणि परीक्षेची तयारी करावी लागते. ज्या शाळेतल्या एखाद्या गुरुजींनी हे मनावर घेतलं तिथली मुलं निवडली जातात. बाकीच्यांच्या कानावरही येत नाही. चौदा वर्षांच्या मुलाचं पुढचं आयुष्य गुरुजींच्या वैयक्तिक उत्साहावर सोडून द्यायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

रकमांबद्दलही बोललं पाहिजे. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया भत्ता १९९२मध्ये सुरू झाला. शाळेचे दिवस धरले तर वर्षाचे दोनशे वीस रुपये. सुरू झाला तेव्हा त्या रुपयाला किंमत होती. पुढे तीन दशकं उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. दुसरं उदाहरण गणवेशाचं. २०१७च्या सुमारास ठरलं की दोन गणवेशांचे चारशे रुपये थेट खात्यात जमा होतील. खातं उघडायला पाचशे-हजार लागतात म्हणून कित्येक आयांनी ते चारशे सोडून दिले. २०२४मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश शिवून द्यायचं ठरलं. तो वेळेत पोहोचला नाही, आणि वर्ष संपायच्या आत निर्णय मागे घेऊन काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. या निर्णयांमागची माणसं वाईट नव्हती. वाडीवरची आई त्या कागदापर्यंत कशी पोहोचेल, हे ठरवणाऱ्या खोलीत तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

कातकरी वाड्यांवर तर हे अंतर आणखी वाढतं. दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. शिक्षण हमी कार्ड घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं, अशी सोय आहे. कार्ड मुलाच्या हातात दिलं की आपली जबाबदारी संपली असं इकडची शाळा समजते. भट्टी गावापासून दूर असते, तिथल्या शाळेला मूल आल्याचं कोणी कळवत नाही. इथून तिथे एक फोन करायचं काम कोणाचं, हे ठरलेलंच नाही.

कागदावरची सोय हातात न पडण्याचा हा अनुभव महाडला नवा नाही. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी लहानपणी शिष्यवृत्ती मिळवली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून त्यांना दाखल करून घेतलं नाही. त्या पोराने वर्तमानपत्राकडे लिहून दाद मागितली तेव्हा कुठे प्रवेश मिळाला, तोही वेगळं बसवून. पुढे ऑगस्ट १९२३मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळाही त्यात होत्या. जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला, आणि तीन वर्षं तो ठराव तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ला महाडला भरलेल्या परिषदेतून डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली. ती परिषद महाडला भरावी म्हणून ज्यांनी धडपड केली त्यांत हेच मोरे होते. मला वाटतं, हक्काचा ठराव आणि हक्काची ओंजळ यांच्यात किती अंतर असतं, हे त्यांना शाळेच्या दारातच कळलं होतं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक केंद्रशाळेत एक पगारी ताई नेमा. त्या केंद्राखालच्या दहा-बारा शाळा आणि त्यांच्या वाड्या तिच्याकडे असाव्यात. तिने शिकवायचं नाही, माहिती भरायची नाही, निवडणुकीचं काम करायचं नाही. सलग आठ दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जायचं, काय झालं ते ऐकायचं, आणि त्या घराला लागू असलेली मदत मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही. दाखल्यासाठी आईबरोबर तहसीलला जायचं, अलिबागला फाइल कुठे अडली ते विचारायचं, भट्टीच्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन करायचा. आरोग्य खात्याने २००५नंतर आशा नेमल्या. त्या गरोदर बाईला घरून दवाखान्यापर्यंत नेतात, म्हणून योजना बाईपर्यंत पोहोचते. शाळेसाठी असं माणूस आपण नेमलंच नाही.

गुरुजी हे करतातच की, असं कोणी म्हणेल. करतात, आणि स्वतःच्या खिशातून खर्च करून करतात. पण दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, आधारची पडताळणी, ऑनलाइन माहिती आणि मतदार यादी सांभाळणाऱ्या माणसावर हेही टाकायचं असेल तर ते होणार नाही, एवढं आपण प्रामाणिकपणे मान्य करू. तरीही वाडीवर रोज येणारा सरकारी माणूस तोच असतो. कोणाचा बाप अंथरुणाला खिळला, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्याला पहिल्यांदा कळतं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार २०२३मध्ये पुढे आला. पोलादपूरसारख्या डोंगरी तालुक्यात त्याचा अर्थ काय होतो, याचा हिशेब केवळ शिक्षकांच्या पगारात करू नका. शाळा गेली की वाडीची खबर घेणारं माणूसही जातं.

सरकारने नेमणूक करेपर्यंत थांबायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. त्या समितीने जूनच्याच बैठकीत दोन कामं करावीत. पहिलं, यंदा ज्या घरांत मृत्यू, आजार किंवा स्थलांतर झालं त्यांच्या मुलांची यादी काढावी आणि ती भिंतीवर न लावता मुख्याध्यापकांकडे ठेवावी. दुसरं, प्रत्येक मुलाच्या दाखल्यांची एक प्रत आणि जनरल रजिस्टरची छायाप्रत गावाबाहेर उंचावरच्या सुरक्षित ठिकाणी ठेवावी. दाखला हरवला तर जन्मतारीख आणि जात यांचा शेवटचा आधार ते रजिस्टरच असतं, आणि आपल्याकडे पाणी कुठवर येतं हे आपल्याला माहीत आहे.

आणि मुंबईच्या मंडळांना एक विनंती. पुढच्या जूनला वह्या थोड्या कमी आणल्या तरी चालतील. चार-पाच गावांच्या मंडळांनी मिळून आपल्याच खोऱ्यातल्या एका बारावी झालेल्या मुलीला वर्षभराचा पगार द्यावा आणि हे काम तिच्यावर सोपवावं. आठवीतून नववीत किती मुलं गेली, एवढंच वर्षाअखेर तिला विचारावं. तिचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिलेला असू द्या.