साखळीतून सुटलेला हायकू

किहाचिरो कावामोतो यांच्या पुढाकाराने २००३ साली तयार झालेला ‘फुयु नो हि’ (हिवाळ्याचे दिवस) हा लघु अ‍ॅनिमेशनपटांचा संग्रह ‘प्रायोगिक’ म्हणून ओळखला जातो. वास्तविक त्यातला प्रयोग १६८४ सालचा आहे. त्या हिवाळ्यात बाशो आणि नागोयाचे कवी यांनी आळीपाळीने रचलेल्या ३६ कडव्यांच्या साखळीवर, म्हणजे रेंकूवर, हा चित्रपट उभा आहे. ही कडवी ३५ कलावंतांनी वाटून घेतली. बाशोचे पहिले कडवे रशियाच्या युरी नॉर्स्टीनकडे होते. पुढे इसाओ ताकाहाता, कोजी यामामुरा, बेल्जियमचे राऊल सेर्वे असे भिन्न प्रकृतीचे हात येतात.

रेंकूत प्रत्येक कडवे आधीच्या कडव्याशी जुळते, परंतु त्याच्याही मागच्यापासून दूर सरकते. अर्थ कडव्यात जितका असतो तितकाच दोन कडव्यांमधल्या जागेत असतो. चित्रपटातले काही तुकडे शब्दांचे नुसते चित्रण करून थांबतात, आणि तिथेच तो फिका पडतो. जिथे रेषा, रंग, माध्यम सारेच एकाएकी बदलते आणि तरी धागा तुटत नाही, तिथे तो काव्याची समीक्षा होतो.

शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, तो एकट्या कवीच्या क्षणाची तीन ओळींची कविता म्हणून. हायकूचे मूळ अशा साखळीच्या पहिल्या कडव्यात आहे, हे आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते.

खानदेशात तर हे सहज समजावे. जात्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुढे न्यायची, ही आपलीच परंपरा. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हा गौरव यथोचितच आहे. मात्र कवयित्रीचे नाव मोठे होताना जात्यापलीकडची दुसरी बाई अभ्यासक्रमातून नाहीशी झाली.

ओवी आणि रेंकू एकच, असा दावा येथे नाही. रेंकू सतत विषय सोडते. ओवी माहेर, भाऊ, विठ्ठल यांच्याभोवती फिरत राहते. पण हा फरकसुद्धा दोन्ही साखळ्या शेजारी ठेवल्यावरच दिसतो. जळगाव-धुळ्याच्या मराठी विभागांनी हा चित्रपट एकदा वर्गात दाखवावा, आणि मग अहिराणी व लेवा बोलीतल्या ओव्या सुट्या न वाचता, ज्या क्रमाने गायल्या गेल्या त्या क्रमाने वाचाव्यात.