खडकातला गॅस आणि सातबाऱ्यावरचे नाव

शेल गॅसची बातमी आली की टेंभुर्णीच्या चौकात आम्हाला हमखास विचारतात, "वकीलसाहेब, आपल्याकडं निघंल का?" उत्तर सरळ आहे. नाही. शेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी साचलेल्या चिखलाचा पापुद्र्यांचा खडक. त्यात जुन्या जीवांचा कार्बन हवा आणि तो पुरेसा तापलेला हवा, तरच गॅस तयार होतो. भूवैज्ञानिक नमुना तापवून नेमके हेच तपासतात. आपला काळा पाषाण मात्र लाव्ह्याचा. त्याच्याखाली तरी काय आहे? पूर्वेला किल्लारीत भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात तो सुमारे ३३८ मीटरवर संपला, पश्चिमेला कोयनेकडे सुमारे ९३२ मीटरवर. खाली गाळाचे जाड थर नाहीत, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे.

मग आपण का बोलायचे? देशात शेल गॅस प्रथम सापडल्याचे ओएनजीसीने जानेवारी २०११ मध्ये जाहीर केले, ते दुर्गापूरजवळ, दामोदर खोऱ्यात. याच खोऱ्याची योजना बाबासाहेबांनी १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना पुढे नेली. पूर थांबावा, पाणी आणि वीज मिळावी हा हेतू. पुढे धरणे झाली तेव्हा उठलेल्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. तेच खोरे, आता खडकासाठी.

हा गॅस काढायला खडक पाण्याच्या दाबाने फोडावा लागतो. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटरपर्यंत पाणी जाते, शिवाय रसायने. ११७ टीएमसीचे उजनी उशाला असूनही पाण्यासाठी भांडणाऱ्या आपल्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

कायदा पाहा. तेलक्षेत्र कायदा १९४८ चा. २०२५ च्या दुरुस्तीने त्यात शेल गॅस स्पष्टपणे आला आणि नियमभंगाची सहा महिन्यांची कैद जाऊन २५ लाखांपर्यंतचा दंड आला. कंपनीला २५ लाख म्हणजे काय! २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षे त्या जमिनीवर राबणारा शेतमजूरही बाधित धरला आहे. पण जमीन संपादन न करता भाडेकराराने घेतली, तर पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. राबणाऱ्याचे नाव त्या कागदावर नसतेच.

दामोदरसारखे गोंडवन काळातले खडक आपल्या राज्यात चंद्रपूर-यवतमाळकडे आहेत. तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या भूमिहीन मजुरांची यादी ग्रामसभेच्या ठरावात आजच नोंदवून घ्यावी. यंत्र आल्यावर ती कुणी नोंदवून घेणार नाही.