मेलेल्या व्हायरसांचं दप्तर

जुने कॉम्प्युटर व्हायरस जपून ठेवण्यावर दोन आक्षेप हमखास येतात. एक, ही मढी उकरून उपयोग काय? दुसरा, असे संग्रह म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. गंमत अशी, की दोन्ही आक्षेप पुष्कळदा एकच माणूस घेतो. व्हायरस मेलाय की चावतोय, हे त्याने आधी ठरवावं.

कोलिताचा निकाल लवकर लागतो. त्या काळचे बहुतेक व्हायरस डॉससाठी लिहिलेले. ते १६ बिटांचे प्रोग्रॅम आजचं ६४ बिटांचं विंडोज चालवतच नाही. इंटरनेट अर्काइव्हवर २०१६ साली व्हायरस-संशोधक मिक्को हिप्पोनेन आणि अर्काइव्हचे जेसन स्कॉट यांनी मालवेअर म्युझियम मांडलं, तेही नमुन्यांतला विध्वंसक भाग काढून टाकून. ज्याला खरोखर दरोडा घालायचाय त्याला ताजा माल विकत मिळतो. तो फ्लॉप्या कशाला चिवडत बसेल?

मढ्यांचा आक्षेप मात्र नीट तपासायला हवा. 'ब्रेन' घ्या. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा हा १९८६ मधला व्हायरस ३६० केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, ठाण मांडायचा. मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ती जागा 'खराब' म्हणून नोंदवायचा. कोणी बूट सेक्टर वाचायला गेलं, की मधल्यामध्ये अडवून ती मूळ प्रतच पुढे करायचा. पाहणाऱ्याला सगळं आलबेल! (आणि पठ्ठ्यांनी कोडमध्ये स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरही घातले होते.) ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्याआधीच ताबा घ्यायचा, ही चाल २०२२ साली उजेडात आलेल्या 'ब्लॅकलोटस' या मालवेअरमध्येही आहे, बूट सेक्टरच्या जागी यूईएफआय, म्हणजे आजचा कॉम्प्युटर सुरू करणारं फर्मवेअर, आलं, एवढंच.

मग चाल लिहून ठेवा, नमुना कशाला? गोम इथेच आहे. वर्णन करणारा त्या दिवशी त्याला जे महत्त्वाचं वाटलं तेवढंच लिहितो. इराणच्या अणुकार्यक्रमावर सोडलेला स्टक्सनेट २०१० मध्ये सापडला आणि त्याची जगभर चिरफाड झाली. पुढे २०१३ मध्ये सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीने त्याची आधीची आवृत्ती, ०.५, उघड केली. तिचा नमुना २००७ च्या नोव्हेंबरातच एका तपासणी सेवेकडे येऊन पडला होता; तो काय आहे हे तेव्हा कोणाला उमगलं नव्हतं. ही आवृत्ती नतांझ इथल्या युरेनियम प्रकल्पातल्या सेंट्रिफ्यूजचा वेग बिघडवत नव्हती, त्यांच्या झडपा बंद करायला निघाली होती. तिच्या सर्व्हरांची डोमेन नावं तर २००५ मध्येच नोंदवलेली. अडगळ म्हणून ती फाइल कोणी पुसली असती, तर या मोहिमेची सुरुवात आपण आजही चुकीच्या वर्षी मांडत बसलो असतो.

म्हणून नुसतं म्युझियम पुरेसं नाही. 'कॅस्केड' या जुन्या व्हायरसची पडद्यावरून टपटप गळणारी अक्षरं बघायला मजा येते. पण त्याचं अंग कूटबद्ध होतं, त्यामुळे शोधणाऱ्यांना ते कूट सोडवणाऱ्या इवल्याशा तुकड्यावरच नजर ठेवावी लागली, हे त्या खेळात दिसत नाही. त्यासाठी अखंड मूळ प्रत हवी, कधी आणि कुठून आली या नोंदीसह. ती खुशाल कुलपात असू द्या, संशोधकाला मागितल्यावर मिळाली म्हणजे झालं. आज असे साठे मुख्यतः अँटिव्हायरस कंपन्यांकडे आहेत. पुण्याच्या क्विक हीलचा जन्मही फ्लॉपीच्याच जमान्यातला. कंपनी विकली किंवा मिटली, तर नमुने कोणत्या विद्यापीठाकडे जातील, हे प्रत्येकीने आत्ताच लेखी ठरवावं, आणि विद्यापीठांनीही वाट न बघता ते मागावेत.