सहलीला व्हिसा लागत नाही

शारजात तीन वर्षं नोकरी केली. सुट्टीच्या संध्याकाळी अल मजाझच्या पाण्याकाठी आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिसायची: अम्मी, सून, मुली, सोबत डबा आणि थर्मास. कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

आता चाकणच्या कारखान्यात आहे. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. आम्ही पोरं बाईक काढून लोणावळा गाठतो. घरातल्या बाया मात्र लग्न, दवाखाना नि माहेर एवढ्यासाठीच उंबरा ओलांडतात. ‘आपल्यात चालत नाही’ म्हणे. मग तेच घर परदेशी गेल्यावर कसं चालतं? दीन तर दोन्हीकडे एकच.

खर्चाची सबबही लंगडी आहे. चिंचवडहून लोकलने मळवलीला उतरलं की जवळच भाजे लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. चाकण गावातच संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. रोज चाकणला ड्युटीवर येणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी तो घरच्यांना दाखवलाय?

दोस्तांनो, पुढच्या गुरुवारी बाईक घरीच ठेवा. अम्मीला, बहिणीला विचारा, “कुठे जायचं?” ठिकाण त्यांनाच ठरवू द्या. आणि बहिणींनो, कुणी विचारण्याची वाट पाहू नका.