कॅरॅव्हॅन येईल तेव्हा येईल, आधी थांबायला जागा द्या

पोस्ट थोडी लांब आहे, पण विषय सुट्ट्यांचा आणि आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचा आहे. चहा पिता पिता वाचून काढा.

उन्हाळा लागला की कोकणात कॅरॅव्हॅन घेऊन गेलेल्या कुटुंबांचे रील सगळ्यांच्या मोबाईलवर यायला लागतात. गाडीतच पलंग, गाडीतच छोटं स्वयंपाकघर, गाडीतच शौचालय. आजी आत चहा ठेवते, आजोबा बाहेर खुर्ची टाकून बसले आहेत आणि नातवंडं समोरच्या वाळूत किल्ले करून राहिली आहेत. आपल्या बिरसीत, कामठ्यात, परसवाड्यात ज्यांची पोरं पुण्या-हैदराबादला नोकरीला आहेत, त्या घरांत मग नातवंडं आजाच्या मागे लागतात, "आबा, आपण पण असंच जाऊ ना!" विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटापर्यंत बंद. बाहेर ऊन एवढं की दुपारी लेकरांना ओसरीवरसुद्धा येऊ देववत नाही. समुद्र हवासा वाटणारच.

काही जण म्हणतील, गोंदिया जिल्ह्यात कॅरॅव्हॅनची चर्चा म्हणजे श्रीमंतांचे चोचले. मला तसं वाटत नाही. कारण दोन आहेत.

पहिलं कारण, हा सरकारी धोरणाचा विषय आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, कॅरॅव्हॅन म्हणजे गाडी. दोन, कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे ती गाडी सुरक्षित उभी करायची जागा, जिथे रस्ता, पाणी, वीज आणि शौचालयाची सोय असेल. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली की सवलती मिळतील, असं त्यात आहे. पार्क सरकारी जागेवर, खाजगी जागेवर, अगदी कृषी पर्यटन केंद्रावरही होऊ शकतो. त्याच वर्षी केरळनेही 'केरवान केरळ' नावाने अशीच योजना आणली आणि तिथला पहिला पार्क वागमोन इथे झाला. म्हणजे सवलती जनतेच्या पैशातून आहेत आणि त्यावर बोलायचा हक्क आपल्यालाही आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ज्या अडचणीवर कॅरॅव्हॅन हा उपाय आहे, ती अडचण घरोघरी आहे. साठी ओलांडलेली किती बायामाणसं लांबचा प्रवास टाळतात आणि का टाळतात, हे घरातल्या सुनेला विचारा. गुडघे दुखतात म्हणून वरच्या बर्थवर चढता येत नाही. शुगर आहे म्हणून दर तासा-दीड तासाला जावं लागतं. रस्त्यात धड शौचालय नाही म्हणून आजी सकाळपासून पाणीच पीत नाही. नातवाला 'आता', 'लगेच' लागते. म्हातारपण आणि लहानपण, दोघांची गरज सारखीच असते. पडायला जागा, प्यायला पाणी आणि जवळ शौचालय. हे तिन्ही एका गाडीत मिळतं म्हणून कॅरॅव्हॅन आजी-आजोबांना भुरळ घालते. यात चोचले कुठे आले?

आता हिशोब करू. बिरसीहून नागपूर गाठायचं. तिथून समृद्धी महामार्ग. नागपूर ते ठाण्याजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पुढे कोकणात उतरायचं. गणपतीपुळ्यापर्यंत एका बाजूचे बाराशेच्या आसपास किलोमीटर होतात. अशी जड गाडी लिटरला दहाचा ॲव्हरेज देईल असं धरा. जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटर म्हणजे २४० लिटर डिझेल. नव्वद रुपये भाव धरला तरी साडेएकवीस हजाराच्या वर नुसतं डिझेल. टोल वेगळा, गाडीचं भाडं वेगळं, ड्रायव्हर वेगळा. धानाच्या बोनसची वाट पाहणाऱ्या घराला हे परवडत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आणि पैसे असले तरी प्रश्न सुटत नाही. गाडीतलं शौचालय म्हणजे खाली एक टाकी. ती दोन-तीन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करायची? पाण्याची टाकी कुठे भरायची? रात्री कुठे थांबायचं? पेट्रोल पंपावर ट्रकांच्या मधे आजी-नातवंडं झोपवायची? कोकणात पोचल्यावर रीलमध्ये दिसते तशी गाडी वाळूत न्यायची तर सोयच नाही. हौशी पर्यटकांच्या गाड्या किनाऱ्यावर रुतल्याच्या आणि भरतीत अडकल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. कोकणातल्या गावांनी आपल्या किनाऱ्यावर टाक्या रिकाम्या होऊ देऊ नयेत, मी त्यांच्याच बाजूने आहे. समुद्र पाहायला जायचं आणि तिथेच घाण सोडून यायचं, हे नातवंडांना शिकवायचं आहे का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, धोरणातली गाडी मागे ठेवा आणि पार्क पुढे घ्या. त्यातही तो पार्क फक्त कॅरॅव्हॅनवाल्यांसाठी ठेवू नका. रस्त्यावरच्या प्रत्येक कुटुंबासाठी तो थांबा असू द्या. साधी चारचाकी घेऊन निघालेलं कुटुंब, मोटरसायकलवरचं जोडपं, देवदर्शनाला निघालेली भाड्याची जीप, सगळ्यांसाठी. समृद्धी सुरू झाला तेव्हा रस्ता गुळगुळीत, पण शौचालय आणि खाण्यापिण्याची सोय कुठे, यावरून केवढी ओरड झाली ते आठवा. रस्ता आधी आणि माणूस नंतर, ही आपली जुनी खोड आहे.

बिरसीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. ब्रिटिशांच्या काळातली धावपट्टी आपल्या दारात. १३ मार्च २०२२ ला गाजावाजा करून पहिली प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि काही महिन्यांत बंद पडली. मग १ डिसेंबर २०२३ ला पुन्हा हैदराबादचं विमान उडालं. फीत कापणं एका दिवसाचं काम असतं, सेवा टिकवणं रोजचं. कॅरॅव्हॅनचं तेच होईल, जर थांबे नसतील तर.

बरं, ज्यांना गाडी परवडत नाही त्यांचा आधार काय? एसटी आणि रेल्वे. एसटीने या बाबतीत चांगलं काम केलं आहे, ते कबूल करायलाच पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात मोफत प्रवास, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. पण सवलत घेऊन आजी ज्या स्टँडवर उतरते, तिथल्या शौचालयाची अवस्था काय असते, ते तुम्हाला माहीत आहे. रेल्वेचं उलटं. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्ननंतर ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या नावाने थांबवली. कोरोना गेला, सवलत आली नाही. पाच ते बारा वर्षांच्या लेकराला स्वतंत्र बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं. म्हणजे आजी, आजोबा आणि दोन नातवंडं निघाली तर चार पूर्ण तिकिटं. कॅरॅव्हॅनला सवलत देणाऱ्या सरकारला आणि आपल्या खासदारांना हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

समुद्रच पाहायचा असेल तर आणखी एक गोष्ट सांगतो. नकाशा काढून बघा. आपल्याला कोकणापेक्षा विशाखापट्टणमचा समुद्र जवळ आहे. समता एक्सप्रेस गोंदियाला थांबते आणि थेट तिथे जाते. महाराष्ट्राचा समुद्र म्हणजे पश्चिमेचाच, हे आपल्या डोक्यात बसलं आहे. पण आपल्या वैनगंगेचं पाणीसुद्धा शेवटी प्राणहिता-गोदावरीतून पूर्वेच्याच समुद्राला मिळतं. नातवंडांना हे दाखवा, भूगोल आपोआप पाठ होईल.

आणि उलट विचारही करा. पुण्या-मुंबईची आजी-नातवंडं कॅरॅव्हॅन घेऊन आपल्याकडे का येऊ नयेत? नवेगावबांध, नागझिरा, बोदलकसा, हाजरा फॉल, कचारगड. राज्यात सारस उरला तो प्रामुख्याने आपल्याच जिल्ह्यात. तळ्याच्या अगदी काठावर गाड्या नकोत, पक्ष्यांना त्रास होईल असं काहीच नको. पण गावालगत, रस्त्याला लागून जागा देता येते.

मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या पर्यटनाच्या प्रत्येक वाटेवर एक थांबा. दहा गाड्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, वीज, रात्री दिवा. बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं शौचालय, त्यात एक तरी कमोड आणि धरायला दांडा. टाकी रिकामी करायला बंदिस्त व्यवस्था. देखभाल आणि जेवणाचं काम गावातल्या महिला बचत गटाकडे, पैसे देऊन, फुकटात राबवून नव्हे. बांधकामापेक्षा देखभालीचा पैसा आधी मंजूर करा, नाहीतर सहा महिन्यांत कुलूप लागतं, हे आपण अनेकदा पाहिलं आहे.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. ठराव करा आणि त्याची प्रत आमदारांना व जिल्हा नियोजन समितीला पाठवा. कॅरॅव्हॅन ज्याला परवडेल तो घेईल. पण घरून निघालेली आजी पोटभर पाणी पिऊन गाडीत बसली पाहिजे. पर्यटन धोरण चाललं की नाही, हे मी त्यावरून ठरवीन.